हंसाबाईंचं काळं रीळ

एक

दारव्ह्याच्या देवीलालशेठच्या जिनात उन्हाळ्यात कुत्रंही फिरकत नसे. कापसाचा हंगाम सरला की सरकी काढायचे रेचे बंद, मजूर आपापल्या गावी, आणि पटांगणात नुसता फुफाटा. पण एकसष्ट सालच्या मे महिन्यात अख्खं गाव त्या जिनाच्या फाटकाला लोंबकळत होतं. आत सिनेमा निघत होता. आणि काढणारी कोण, तर इथल्याच बंजारा तांड्यावरची हंसा.

त्यामुळे सकाळी सकाळी जिनातून बोलावणं आलं तेव्हा फौजदार बाबाराव खंडाऱ्यांना वाटलं, गर्दी पांगवायची असेल. ते कुरकुरतच निघाले. सिनेमावाल्यांची हुजरेगिरी करायला सरकारनं आपल्याला टोपी दिलेली नाही, हे ते वाटेत जमादाराला दोनदा ऐकवून झाले होते.

आत पोचले आणि त्यांची कुरकुर थांबली. कडुनिंबाखालच्या बाजेवर हंसाबाई बसल्या होत्या. ज्या केसांची चित्रं तेलाच्या जाहिरातीतून प्रत्येक पानठेल्यावर लटकत होती, ते केस डोक्यावर नव्हते. वेडेवाकडे कापलेले खुंट तेवढे उरले होते. बाबारावांनी तरुणपणी टुरिंग टॉकीजच्या जमिनीवर बसून त्या वेणीसाठी शिट्ट्या मारल्या होत्या. आता त्या बाईकडे बघावं कुठं, हेच त्यांना कळेना.

केस दुसऱ्या कुणी कापले नव्हते, त्यांनीच कापले होते, काल दुपारी, कॅमेऱ्यासमोर. सिनेमाचा शेवटच तो होता. तांड्यातून बाहेर पडलेली एक बाई, जिच्या केसांवर बापापासून नवऱ्यापर्यंत सगळ्यांनी हक्क सांगितला, ती शेवटी ते स्वतःच्या हातानं उतरवते आणि दारात टाकून निघून जाते. गावच्या न्हाव्यानं बाईच्या डोक्याला हात लावायला साफ नकार दिला, तेव्हा हंसाबाईंनी पटकथा बदलली आणि कात्री स्वतः घेतली. टोप घालून काम भागवा असं सगळे सांगत होते. त्या म्हणाल्या, खोट्या केसांवर कात्री खोटीच चालते.

आणि आज ते रीळ काळं निघालं होतं.

कॅमेरामन पेडणेकर हा कोकणातला किडकिडीत माणूस. त्यानं सांगितलं ते असं. संध्याकाळी रीळ कॅमेऱ्यातून काढायचं ते मिट्ट काळोखात, नुसत्या हातांच्या अंदाजानं. मग पत्र्याच्या डब्यात घालून भोवती चिकटपट्टी मारायची आणि पट्टीवर आपली खूण करायची. सकाळी त्याच रिळाच्या टोकाचा वीतभर तुकडा छोट्या टाकीत धुऊन बघायचा, म्हणजे चित्र नीट उतरलं की नाही ते कळतं. आज पट्टी वाकडी होती आणि खूण नव्हती. त्यानं तुकडा धुतला, तो डांबरासारखा काळा निघाला. आतला घेतला, तोही तसाच.

"कुणीतरी उजेडात उघडलं, साहेब. संपलं सगळं."

बाबाराव पोलिसी शहाणपणानं म्हणाले, की मग पुन्हा काढा की. आज काढा, माझी माणसं बंदोबस्ताला देतो.

हंसाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांनी सावकाश आपल्या डोक्यावरून हात फिरवला.

"कशाचं काढू, साहेब?" त्या म्हणाल्या.

दोन

आता ही हंसाबाई कोण, हे गावात नव्यानं सांगायची गरज नव्हती. पण लोक ज्याच्या त्याच्या सोयीनं सांगत. बारा-तेरा वर्षांची पोर असताना पुण्याच्या तात्या इनामदारांनी तिला तांड्यावर पाहिलं, आईबापाची परवानगी घेऊन नेलं आणि नटी केलं, एवढं खरं. अठराव्या वर्षी ती नायिका झाली, तिशीत वहिनी झाली आणि पस्तिशीला तिच्यापेक्षा वयानं मोठ्या नायकाच्या आईचं काम तिच्यापुढं आलं. तेव्हा तिनं सांगितलं की यापुढं कॅमेऱ्याच्या मागं मी उभी राहणार. स्टुडिओत लोक पोट धरधरून हसले. शेवटी पाठीशी उभे राहिले ते पुन्हा तात्याच. त्यांनीच देवीलालशेठला गळ घातली, आणि म्हातारपणी शिष्येच्या सिनेमात आजोबाचं काम करायलाही ते आनंदानं तयार झाले.

शेठनं एक अट मात्र घातली होती. पाऊस लागायच्या आत सिनेमा पुरा व्हायचा. कुठं अडला, तर पुढचं दिग्दर्शन तात्या करतील आणि पडद्यावर नावही तात्यांचंच येईल.

"वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सिनेमात रडले," हंसाबाई बाबारावांना म्हणाल्या. "हा एक माझ्या नावाचा व्हायचा होता. एवढंच पाहिजे होतं, साहेब, दुसरं काही नाही."

तेवढ्यात जमादार उकंडा विजयी मुद्रेनं आला. जिनातली जुनी हिशेबाची खोली खिडक्यांना काळं फासून रिळांसाठी वापरत असत. तिथं, टेबलाखाली, बारदानामागं, त्याला एक दिवा सापडला होता. रेल्वेचा हातदिवा. जिनाला लागूनच रेल्वेची साइडिंग होती, आणि तिथला रूळ बदलणारा सांधेवाला होता फुलचंद, हंसाबाईंचा सख्खा भाऊ. त्यानं काल संध्याकाळी बाजारात चार माणसांत सांगितलं होतं, की ते रीळ मी जाळून टाकीन.

"आनखी काय पाह्यजे, साहेब?" उकंडा म्हणाला. "तांड्यातला हाय. यायच्या रक्तातच असते."

बाबारावांच्या कपाळाची शीर उडाली. छप्पन सालापर्यंत त्यांच्या वस्तीबद्दलही लोक हेच बोलत, आणि बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावरही पाठीमागं काही कमी बोलत नव्हते. याच उकंडाला त्यांच्या घरचं पाणी प्यायची वेळ आली की तहान नसे. ते एवढंच म्हणाले, की रक्ताचं नंतर पाहू, आधी माणूस आण.

फुलचंद आला तो खाली मान घालूनच. रिळांच्या खोलीला दोन किल्ल्या होत्या, एक पेडणेकरकडे, दुसरी रंगभूषेच्या खोलीत खिळ्याला. तिथं दिवसभर कोणीही ये-जा करी, भाऊ म्हणून तोही करी. त्यानं काहीच नाकारलं नाही.

"दिवा माहाच हाय. पन गाडी गेली का मी तो केबिनच्या खुटीले टांगून देतो. कोनीबी नेते."

"जाळीन म्हणला होतास?"

"म्हनलो होतो. भाऊ जिता असताना बहीन केस उतरवते, मंग मी मेलो काय? तांड्यात तोंड दाखवाले जागा नाही राह्यली मले." त्याचे डोळे भरले. "पन साहेब, मले जाळाचं असतं तं चुलीत टाकलं असतं नं. कंदील घेऊन तिथी बसलो असतो कायले?"

उकंडानं त्याला दरडावलं. बाबाराव मात्र दिव्याकडे बघत राहिले. त्या दिव्याला आतून फिरवायच्या काचा होत्या, पांढरी, हिरवी आणि लाल. त्यांनी फुलचंदला विचारलं, खुंटीला टांगताना कुठली काच पुढं ठेवतोस. तो म्हणाला, पांढरीच, साहेब, हाती घेतला का सरळ उजेड पडला पाह्यजे.

टेबलाखाली सापडलेल्या दिव्याची काच लालवर फिरवलेली होती.

तीन

देवीलालशेठ गादीवर लोडाला टेकून बसले होते आणि त्यांना लपवायचं असं काही नव्हतं. तो माणूस आपला स्वार्थ दुकानातल्या मालासारखा समोर मांडून ठेवी. सिनेमा बंद पडावा असं आपल्याला कशाला वाटेल, असं त्यांनी उलट विचारलं. हंसाबाईनं केला काय नि तात्यांनी केला काय, आपल्याला तयार माल पाहिजे. मात्र बाईमाणसाच्या हाताखाली एवढे पुरुष काम करतात हे आपल्याला पहिल्यापासून बरं दिसत नव्हतं, हेही ते सांगून मोकळे झाले. पेडणेकरवर त्यांचा संशय होता. केस कापायच्या दृश्यावरून त्याचं आणि बाईचं वाजलं होतं. तो म्हणे, दुपारच्या उन्हात नको. ती म्हणे, उन्हातच हवं.

पेडणेकरनं हे मान्य केलं. भांडण झालं, आणि शेवटी बाईचंच बरोबर निघालं, असं तो म्हणाला. "भिंगातून बघत होतो ना मी. असा सीन आयुष्यात एकदा मिळतो. मी माझा हात तोडीन, पण ते रीळ नाही नासवणार."

त्याच्यावर विश्वास ठेवावा असं बाबारावांना वाटलं. पण वाटण्यावर कोर्ट चालत नाही.

तात्या इनामदार व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. शुभ्र धोतर, रुपेरी केस, आणि आवाज असा की ऐकणाऱ्यानं आपोआप उठून उभं राहावं. हंसाचं नाव काढताच त्यांचे डोळे पाणावले. पोटच्या पोरीसारखी वाढवली मी तिला, ते म्हणाले. चालायचं कसं, बोलायचं कसं, रडायचं कसं, सगळं माझ्याकडून शिकली.

मग माणूस म्हातारपणी जातो तसे ते जुन्या दिवसांत गेले. मूकपटांचा तो जमाना. दिग्दर्शक म्हणजे सुतारापासून रसायनवाल्यापर्यंत सगळं आपणच. दिवसभर चित्रण करायचं आणि मग लाकडी पिंपात हातानं रीळ धुवायचं, लाल कंदिलाच्या उजेडात, चहा पीत, गप्पा मारत. चित्र कसं हळूहळू उमटतं ते डोळ्यांनी बघायचं. आजच्या पोरांना काय येतं, रीळ डब्यात घालून मुंबईला पाठवलं की झालं.

बाबारावांनी विचारलं, की कुणी उघडला असेल तो डबा.

"उघडायला कशाला पाहिजे?" तात्या जरा थकून म्हणाले. "सगळे उगाच चोर शोधताहेत. भर दुपारी, उन्हात, भिंग सताड उघडं टाकून घेतलेला सीन. जळणारच. मी सांगत होतो तिला. पण फौजदारसाहेब, शिकवलेलं माणूस एकदा स्वतःला शहाणं समजायला लागलं की काय करणार? तिला बिचारीला हे सांगू नका. दुसऱ्या कुणी नासवलं असं वाटलं तर तेवढंच दुःख हलकं होईल."

बाबारावांना म्हाताऱ्याची माया भावली. ते उठणार तोच पटांगणातून पेडणेकरची हाक आली. आता सांभाळण्यासारखं काही राहिलं नव्हतं, म्हणून त्यानं सगळं रीळ काळोखात पिंपात धुऊन, उलगडून दोरीवर टाकलं होतं. तो एका जागी बोट ठेवून उभा होता.

"साहेब, हे कापलेलं आहे. मी नाही कापलं. आणि हे एकाच जागी नाही."

चार

रीळ तीन ठिकाणी कापलेलं होतं. बाहेरच्या टोकाला, मध्यावर आणि अगदी आतल्या गाभ्याजवळ. पेडणेकरनं सकाळी घेतलेले तुकडे वेगळे; हे तीन त्याशिवायचे, प्रत्येकी वीतभर, आणि तिन्ही गायब. शिवाय आणखी एक गोष्ट त्यानं दाखवली. घट्ट गुंडाळलेलं रीळ उन्हात उघडं टाकलं तर वरचे वेढे काळे पडतात, आतले बरेचसे वाचतात. हे पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत एकसारखं काळं होतं. म्हणजे कुणीतरी मंद उजेडात बसून ते सगळंच्या सगळं उलगडलं होतं, आणि पुन्हा नीट गुंडाळून ठेवलं होतं.

नीट गुंडाळून. बाबाराव त्या शब्दापाशी अडले.

उन्ह चढलं होतं. भिंतीच्या सावलीला धनीबाई युनिटचा स्वयंपाक करत होती. ही तांड्यातली म्हातारी. हंसाबाईंना तिनंच अंगाखांद्यावर खेळवलेलं, आणि हंसाबाई अजून तिला याडी म्हणत, म्हणजे आई. ती मोठ्या गंजात पळी घालून भाताचं एक शीत वरून, एक मधून आणि एक तळातून काढून बोटांत चेपून बघत होती. बाबाराव कितीतरी वेळ तिच्या बोटांकडे बघत उभे राहिले. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण त्यांनी हजारदा ऐकली असेल. पण ज्याला भात फेकूनच द्यायचा आहे तो शीत चेपून कशाला बघेल?

ते पेडणेकरकडे वळले आणि त्यांनी विचारलं, की लाल उजेडानं ही फिल्म खराब होते का.

पेडणेकर कडवट हसला. "होते म्हणजे काय. आत्ताच्या फिल्मला लाल रंग दिसतो, साहेब. फार पूर्वीच्या फिल्मला दिसत नसे, ती लालला आंधळी होती. म्हणून तर आम्हाला सगळं काळोखात चाचपडत करावं लागतं. काडी ओढायची सोय नाही."

"हे सगळ्यांना माहीत असतं?"

"आमच्या धंद्यात? शेंबड्या पोरालाही."

धनीबाईनं बाबारावांना पाटावर बसवून पुढ्यात भात वाढला. तिच्या हातचं खायला त्यांनी मागंपुढं पाहिलं नाही, आणि त्यांना वाढायला तिनंही पाहिलं नाही. जेवता जेवता त्यांनी सहज विचारलं, की हंसाच्या कापलेल्या केसांचं काय केलं. म्हातारीचं तोंड कडू झालं. बाईचे केस असे पायदळी पडू देत नाहीत, ती म्हणाली. दिवस फटफटताच ती ते गोळा करून अडाण नदीला सोडायला निघाली होती. फाटकात तात्या भेटले.

"मले म्हने, सोडू नको धनीबाई. देऊन दे माह्यापाशी. टोप कराले लागतीन म्हने." तिनं पदर तोंडाला लावला. "मी म्हनलं, आता कायचा टोप, झालं नं काम. तं काही बोल्लेच नाही. घेऊन गेले."

बाबारावांनी हातातला घास खाली ठेवला. "तवा पेडणेकरनं डबा पाह्यला होता?"

"तो कुठी पाह्यते. तो तं घोरून राह्यला होता."

पाच

त्यांनी सगळ्यांना रेच्यांच्या खोलीत बोलावलं. उकंडा फुलचंदच्या दंडाला धरून उभा होता. बाबारावांनी त्याला आधी तो दंड सोडायला लावला.

"ज्याला रीळ नासवायचं असतं," ते म्हणाले, "त्याला दिव्याची गरज नसते. डबा उन्हात उघडायचा, नाहीतर विहिरीत टाकायचा. आपला माणूस मात्र खोलीत जाऊन बसला. हाती पांढरा उजेड असताना त्यानं काच फिरवून लाल केली. म्हणजे रीळ सांभाळावं असं त्याला वाटत होतं. त्यानं तीन तुकडे कापले आणि पेडणेकरांच्या टाकीत धुऊन पाहिले. भात झाला की नाही ते बघावं तसे. आणि उठताना रीळ नीट गुंडाळून ठेवलं. हा वैरी नव्हे. हा परीक्षा घ्यायला आलेला माणूस."

मग ते एकेकाचं नाव घेऊन बोट मोडू लागले.

"फुलचंदला रीळ धुता येत नाही. शेठजींनाही नाही. पेडणेकरांना येतं, पण लाल दिवा या फिल्मला चालत नाही हे त्यांना झोपेतही ठाऊक आहे. रीळ धुता येतं, पण ते लाल कंदिलाखालीच धुवायचं असं ज्याच्या हातांना वळण आहे, असा या जिनात एकच माणूस आहे. तो जुन्या फिल्मवर शिकला, आणि पुढं बोलपट आल्यावर त्यानं तीस वर्षांत स्वतः डबा उघडला नाही. त्यामुळे फिल्म बदलली हे त्याला कधी कळलंच नाही. आणि केसांचा टोप करावा लागेल, हे रीळ खराब झाल्याचं कळायच्या आधी, दिवस उगवता उगवता, त्यालाच ठाऊक होतं."

तात्या ताडकन उठले. "मी? मी हंसाचं रीळ नासवीन?"

"नाही. तुम्ही नासवायला गेलाच नव्हता, तात्यासाहेब. पहिला तुकडा काळा निघाला, तेव्हा तुम्हाला वाटलं की उन्हानं जळला. म्हणून मध्यावरचा पाहिला. तोही काळा. मग शेवटपर्यंत गेलात. तुम्ही उलगडत होता आणि तो दिवा रीळ जाळत होता. डबा उघडेपर्यंत ते चांगलं होतं."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. त्यांनी पेडणेकरकडे पाहिलं. पेडणेकरनं हळूच होकाराची मान हलवली, तेव्हा ते खुर्चीचा हात चाचपत खाली बसले. या क्षणापर्यंत त्या माणसाला खरोखरच ठाऊक नव्हतं, हे बाबारावांना दिसत होतं. खोटं बोलणारा माणूस पकडला की त्यांना एरवी बरं वाटे. आज वाटलं नाही.

"मला फक्त बघायचं होतं," तात्या म्हणाले. "सगळे म्हणत होते, काय सीन झाला, काय सीन झाला. मला वाटलं, आपण बघावं. काही चुकलं असलं तर सांगावं तिला."

"मग सांगितलं का नाही?" हंसाबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. "काळं निघालं तेव्हा मला का नाही उठवलंत? टोपाची तयारी का केलीत परस्पर?"

हंसाबाई त्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तात्या, काळं बघून तुम्हाला बरं वाटलं ना?"

त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होतं की म्हाताऱ्यानं नाही म्हणावं. पोलिसालासुद्धा तसंच वाटत होतं. तात्यांनी धोतराचं टोक डोळ्याला लावलं, पण नाही काही ते म्हणाले नाहीत.

सहा

कायद्याच्या पुस्तकात या गुन्ह्याला कलम नव्हतं. दुसऱ्याची वस्तू नासवायच्या हेतूनं नासवली तर गुन्हा. शिष्येचं काम वाईट निघावं या आशेनं बघितलं, याला काय लावणार? तरी अर्ज द्या, मी पुढं रेटतो, असं बाबारावांनी हंसाबाईंना सांगितलं. निदान लोकांना कळू द्या.

देवीलालशेठ बाबारावांच्या आधीच त्यांच्याकडे जाऊन आले होते. तात्यांचं नाव खराब झालं तर मुंबईला सिनेमा कोणी घेणार नाही, त्यांनी सरळ सांगितलं. तोंड मिटून राहाल तर सिनेमा तुम्हीच पुरा करा, अट मी सोडतो. तात्यांचं नाव सल्लागार म्हणून राहील. बोलाल तर कुलूप.

"आणि शेवट?" बाबारावांनी विचारलं. "तो तर गेला."

चित्र गेलं, त्या म्हणाल्या. आवाज वेगळ्या फितीवर असतो, तो आहे. त्या बोलत होत्या तेव्हा त्यांचे डोळे कुठंतरी लांब लागले होते, आणि बाबारावांच्या लक्षात आलं की ही बाई सकाळपासून रडलेली नाही, नुसता विचार करत बसलेली आहे. पडदा काळाच ठेवायचा. कात्री ऐकू येईल, माझा श्वास ऐकू येईल. शेवटी दार वाजेल. लोकांना दिसणार काहीच नाही. आजवर माझे केस फुकट बघितले त्यांनी, आता जरा ऐकू देत.

"तुम्हीही कुणाला सांगू नका, साहेब. सिनेमा माझ्या नावावर लागू दे. नाव एकदा पडद्यावर आलं की ते कोण पुसणार आहे?"

बाबारावांनी शब्द दिला. आयुष्यात दिलेल्या शब्दांपैकी हाच त्यांना सगळ्यात जास्त बोचला.

सिनेमा बासष्टच्या हिवाळ्यात दारव्ह्याला आला. टुरिंग टॉकीजच्या तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. वणीपासून, यवतमाळपासून लोक आले होते. सुरुवातीला पडद्यावर नावं झळकली, तेव्हाही जागेवरून वाद चालले होते. शेवटी पडदा काळा झाला आणि कात्रीचा आवाज सुरू झाला, तेव्हा आधी कुणी शिट्टी मारली, मशीन बिघडली म्हणून कुणी ओरडलं, आणि मग सगळे एकदम गप्प झाले. बाबारावांच्या शेजारची बाई तोंडात पदर कोंबून रडत होती. ते स्वतःही काही कोरड्या डोळ्यांनी बसले नव्हते.

दिवे लागले. सत्कार होता. पहिला हार हंसाबाईंना घातला, आपल्या मातीतली गुणी नटी म्हणून. नटी, असंच म्हणाले नगराध्यक्ष. मग त्यांनी नागपूरच्या पेपरचं कात्रण वाचून दाखवलं. काळ्या पडद्याची ही अपूर्व कल्पना सुचायला उभं आयुष्य कलेत मुरलेलं असावं लागतं, असं त्यात लिहिलं होतं, आणि त्यामागं ज्येष्ठ दिग्दर्शक तात्यासाहेब इनामदारांचा परीसस्पर्श स्पष्ट दिसतो, असंही लिहिलं होतं. तंबू टाळ्यांनी दणाणला. दुसरा हार पहिल्यापेक्षा मोठा होता.

तात्या माईकसमोर उभे राहिले. त्यांनी एकदा हंसाबाईंकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि हात जोडून खाली बसले. एवढा मोठा माणूस आणि केवढा विनय, म्हणून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या.

बाबाराव उठून उभे राहिले होते. आता बोलायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. नोकरी गेली तरी बेहत्तर. व्यासपीठावरून हंसाबाईंनी त्यांना पाहिलं. मानेपर्यंत वाढलेले केस त्यांनी कानामागं सारले आणि अगदी बारीक मान हलवली, नको. बाबाराव खाली बसले.

नंतर तंबूबाहेर ते हंसाबाईंना भेटायला गेले. तेवढ्यात गर्दीतून फुलचंद आला. बहिणीशी तो दीड वर्षानं पहिल्यांदा बोलत होता. ड्यूटी सुटायला उशीर झाला, सिनेमा सुरू झाल्यावरच आत घुसलो, असं तो चाचरत म्हणाला. मग त्यानं विचारलं,

"बाई, त्याच्यात तुहं नाव कुठी होतं?"

"होतं नं," हंसाबाई म्हणाल्या. "तू जागा पाहून राह्यला असशीन, तवाच येऊन गेलं."